बरोबर असूनही नापास

विमान कंपनीत रुजू झालेल्या नव्या वैमानिकाला पहिल्या दिवशी विमान दाखवत असतील, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. पहिल्या दिवशी त्याला एक खुर्ची दाखवतात. ती बिनखिडक्यांच्या वर्गातली असते आणि तिच्या उजव्या हाताला लिहायची फळी जोडलेली असते. कंपनीचे नियम, रजेचे नियम, टायची गाठ कशी असावी, विमानात धूर झाला तर कोणी कोणत्या दाराशी उभे राहावे, हे सारे त्या फळीवर एकामागून एक येऊन पडते. पुढे केव्हातरी सगळ्यांना गणवेशासह तलावात उतरवून रबरी तराफ्यावर चढायला लावतात. तोवर विमान लांबच असते.

ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे, ते अशा वर्गात पहिल्या रांगेत बसत. त्यामागे उत्साह नव्हता. मागून पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नव्हती. त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बाकीची तुकडी पंचविशीच्या आसपासची, उड्डाणशाळेतून थेट आलेली. यांनी मात्र त्याआधी सारी उमेदीची वर्षे पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानात काढली होती. म्हणून तुकडीने त्यांना 'फवारे' म्हणायला सुरुवात केली. नाव इतके रुळले, की हजेरी घेणाऱ्या कारकून बाईंनी एकदा ते खरे आडनाव समजून पुकारले आणि गृहस्थांनीही शांतपणे 'हजर' म्हटले.

फवारणीचे विमान ही वेगळीच जात आहे. त्यात खुर्ची एकच असते. पहाटे वारा पडलेला असताना शेताच्या अगदी अंगावरून जायचे, शेवटच्या बांधाशी नाक वर करून वळायचे, विजेच्या तारा चुकवायच्या आणि पुन्हा खाली यायचे. तिथे सल्ला घ्यायला कोणी नसते, द्यायलाही नसते. एकदा भर शेतावर इंजिन खोकले, तेव्हा इंधनाची टाकी बदलणारी कळ त्यांनी कधी फिरवली हे त्यांना स्वतःलाच कळले नाही. "हात आधी गेला, डोकं मागून पोचलं," असे ते सांगतात. ही गोष्ट त्यांनी मला तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा शेत निराळे होते. त्यामुळे तपशिलाबद्दल मी साशंक आहे. हाताचा भाग मात्र तिन्ही कथनांत तोच राहिला, आणि पुढे जे घडले ते पाहता तो खरा मानावा लागतो.

ही नोकरी त्यांनी कशी सोडली, हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले. पत्नी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर तपासतात. दिवसभर समोरच्याच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत "हे स्पष्ट, की आधीचं?" असे विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हे त्यांचे काम. एका दुपारी त्या घरी आल्या, तर नवरा स्वयंपाकघरात बसलेला आणि टेबलावर फवारणीचे हेल्मेट.

"हे घरी का आणलंस?"

"परत नाही जायचं. सोडली."

"काय सोडली?"

"नोकरी. मोठ्या विमान कंपनीत बोलावलंय. परीक्षा झाल्या, मुलाखत झाली, डॉक्टरी झाली."

"हे सगळं कधी?"

"वर्षभर चालू होतं. म्हटलं, झालं नाही तर उगाच तुला कशाला घोर."

कारणे भक्कम होती. औषधाच्या वासाने खोकला जडला होता, आणि आणखी थोडी वर्षे गेली असती तर कोणत्याही कंपनीने त्यांना दारात उभे केले नसते. पत्नीला हे सारे पटले. पण मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "निर्णय चुकला असता तर निदान भांडता आलं असतं. हा माणूस बरोबर निघतो आणि आपली बोलती बंद करतो."

प्रशिक्षणाचा पहिला टप्पा गृहस्थांना सोपा गेला. विमानाच्या यंत्रणांचे पाठ संपले, की प्रत्येकाला कॉकपिटचे खऱ्या आकारातले छापील चित्र देतात. ते घरी भिंतीवर लावायचे, पुढे खुर्ची ठेवून बसायचे आणि कोणते बटण कधी दाबायचे याचा हातवारे करत सराव करायचा. यांनी ते कपाटाच्या दारांवर चिकटवले. कपाट उघडायचे म्हणजे कॉकपिट मधोमध फाकवायचे. मुलगी शाळेचे कपडे काढताना "बाबा, तुमचं डावं इंजिन जरा बाजूला करते" म्हणू लागली. सरावात त्यांचा हात एकदाही चुकला नाही. डोळे मिटून बसले तरी बोट नेमके जागेवर पडे.

कंपनीत वैमानिकांना जोडीने शिकवतात. यांची जोडीदार तुकडीतली सर्वांत लहान मुलगी. तिचे तोंड मिटत नसे, म्हणून तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. तिने कपाटावरचा सराव एकदा घरी येऊन पाहिला.

"काका, तुमच्या हाताला डोळे फुटलेत," ती म्हणाली. "आता तेवढं तोंड फुटलं, की झालं."

"तुझं आहे की दोघांपुरतं."

"माझं चालत नाही ना! परीक्षक तुमच्याच तोंडून ऐकायला मागतात."

थट्टेत तिने नेमके दुखणे सांगितले होते. प्रवासी विमान दोघांनी मिळून चालवायचे असते. एक जण विमान उडवतो. दुसरा काटे पाहतो, यादी वाचतो, मागितलेली बटणे दाबतो आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलतो. जी कळ एकदा फिरवली की परतीची वाट नाही, तिच्यासाठी निराळा शिरस्ता आहे. समजा इंजिन बंद करायचे आहे. दुसऱ्याने त्या इंजिनाच्या स्विचवर हात ठेवायचा, कोणते इंजिन ते म्हणायचे, 'कन्फर्म?' असे विचारायचे आणि थांबायचे. उडवणाऱ्याने त्या हाताकडे आणि काट्यांकडे पाहून 'कन्फर्म' म्हटले, तरच स्विच खाली करायचा. दोन इंजिनांपैकी एक बिघडले असता गडबडीत चांगले बंद केले, तर उरते शून्य. हा शिरस्ता त्यासाठीच आहे.

सिम्युलेटर म्हणजे उंच शेडमध्ये पायांवर उभी असलेली पांढरी खोली. छोट्या पुलावरून आत जायचे, पूल मागे सरकतो, आणि मग ती खोली खऱ्या विमानासारखी हलू लागते. काचेबाहेर धावपट्टी दिसते. मागच्या खुर्चीवर बसलेले प्रशिक्षक बोटाच्या टोकाने ढग आणतात, वारा आणतात, इंजिन बंद पाडतात. या जोडीचे प्रशिक्षक निवृत्तीला टेकलेले कॅप्टन होते. प्रत्येक सत्रात ते यांना तेच सांगत: "थांबा. हात ठेवा आणि थांबा." प्रत्येक सत्रात हे मान हलवत. इंजिन पडले, की यांचा हात जाई, ओठ हलत, आणि स्विच खाली आलेला असे. प्रश्न आणि कृती यांत जागाच नसे. पुटपुटलेले 'कन्फर्म' म्हणजे प्रश्न नसून नुसती पावती होती. प्रशिक्षकांनी अखेर जरा सुधारणा आहे असे मानून त्यांना परीक्षेला पाठवले. हा निर्णय घाईचा होता, असे आज ते स्वतः कबूल करतात.

परीक्षा घेणारे कॅप्टन वेगळे असतात. नियमच तसा आहे. पहिल्या परीक्षेत रेडिओ विमान उडवत होती आणि हे दुसऱ्याच्या जागी होते. विमान जमिनीवरून उचलले आणि एक नंबरचे, म्हणजे डावे, इंजिन पडले. तिने विमान सरळ धरले. उंची मिळाली, आणि पुढच्या क्षणी स्विच खाली होता. परीक्षकांनी सिम्युलेटर गोठवला. काचेबाहेरचे ढग जागच्या जागी थांबले.

"कोणतं इंजिन बंद केलंत?" परीक्षकांनी विचारले.

"एक नंबर."

"बिघडलं कोणतं होतं?"

"एक नंबर."

परीक्षक मुलीकडे वळले. "तुम्हाला विचारलं असतं, तर काय म्हणाला असता?"

"एक नंबरच, सर."

"म्हणजे तिघांचं एकमत आहे. तरी ही परीक्षा नापास."

"साहेब, विमान तर वाचलं," गृहस्थ म्हणाले. पूर्ण प्रशिक्षणात त्यांनी घेतलेली ही एकमेव हरकत असावी.

"वाचलं. पण तुमचा हात बरोबर होता, हे मला विमान वाचल्यावर कळलं. मला ते आधी कळायला हवं होतं. आणि माझ्याआधी हिला."

परीक्षेतला हा संवाद मी तिघांनाही स्वतंत्रपणे विचारला. शब्दांत थोडा फरक आहे, आशयात नाही.

या नापास होण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. थोडी जादा सत्रे मिळतात, मग दुसरी परीक्षा. ती गेली, तर करार संपतो. जुन्या मालकाने फवारणीचे विमान एव्हाना दुसऱ्याला दिले होते. आणि एका कंपनीने नापास करून काढलेल्या चाळिशीपलीकडच्या वैमानिकाला दुसरी कंपनी घेत नाही. ही परीक्षा म्हणजे त्यांच्या उडण्याचा शेवटचा दरवाजा होता.

रेडिओला जोडीदार बदलून मागण्याची मुभा होती. तिने ती घेतली नाही. तुकडीत याची मोठी कौतुकगाथा झाली, पण तिचे स्वतःचे म्हणणे कोरडे आहे. "दुसरा जोडीदार मिळेपर्यंत मला पुढच्या तुकडीची वाट बघत बसावं लागलं असतं. आणि काकांचा हात चुकत नाही, एवढं तरी माहीत होतं. नवीन माणसाचं काय काय चुकतं, ते कोण शोधत बसणार?"

त्या संध्याकाळी गृहस्थांनी घरी येऊन निकाल सांगितला. पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तू विचारलं नाहीस म्हणून नापास?"

"विचारलं. थांबलो नाही."

"ते तर घरचंच आहे," त्या म्हणाल्या. "मग घरीच सुरू कर."

त्यानंतर त्या घरात जे चालले, त्याला काय म्हणावे हे मला ठरवता आलेले नाही. नियम असा ठरला: गॅस, गीझर, दाराचे कुलूप, धुलाईयंत्र, यांतली कोणतीही कळ फिरवण्यापूर्वी त्यांनी हात ठेवायचा, तिचे नाव घ्यायचे आणि पत्नीने पाहून 'कन्फर्म' म्हणेपर्यंत हलायचे नाही. पत्नी लगेच उत्तर देत नसत. दवाखान्यात ज्या सवयीने त्या रुग्णाच्या उत्तराची वाट पाहत, त्याच सवयीने नवऱ्याला ताटकळत ठेवत. एकदा हे कुलपाला किल्ली लावून दाराशी उभे होते आणि त्या निवांत चपला शोधत होत्या. शेजारच्या काकू जिन्यातून जाता जाता म्हणाल्या, "काय हो, कुलूप बिघडलं का?" "नाही," हे म्हणाले, "परवानगी यायचीय." काकूंनी पुढे कित्येक दिवस यांच्याकडे दयेने पाहिले.

दुधाचा प्रसंग मात्र दोघांनीही निरनिराळा सांगितला. दूध तापत होते. यांनी गॅसच्या बटणावर हात ठेवून "गॅस. कन्फर्म?" विचारले. आतून उत्तर नाही. दूध वर आले.

"बाबा, दूध जातंय!" मुलगी ओरडली.

"दिसतंय मला."

"मग बंद करा की!"

"तुझी आई बोलेपर्यंत नाही."

दूध सरळ शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर गेले. यांच्या मते पत्नीने मुद्दाम तोंड उघडले नाही. पत्नीच्या मते त्या फोनवर होत्या, आणि उतू जाणारे दूध पाहत उभे राहणे हा नवऱ्याने त्यांच्यावर उगवलेला सूड होता. मुलगी कोणाचीच बाजू घ्यायला तयार नाही. फरशी तिला पुसावी लागली होती.

फरशी पुसून झाल्यावर पत्नी म्हणाल्या, "हेच तू नोकरी सोडताना केलं असतंस तर?"

"तू नको म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. पण माझ्या तोंडून 'हो' येण्याआधी तू हेल्मेट घेऊन घरी आलास. मग माझ्या 'हो'चं करायचं काय?"

यावर आपण काहीच बोललो नाही, असे ते सांगतात. त्यांनी 'चुकलो' म्हटल्याचे पत्नीला आठवते. दोघांपैकी कोणाचे खरे, हे मी ठरवत नाही. त्यानंतर आठवडाभर दूध पत्नीनेच तापवले, याविषयी मात्र एकवाक्यता आहे.

दुसऱ्या परीक्षेला तेच परीक्षक होते. पुलावर रेडिओ गप्प होती, हे इतके विशेष, की यांनीच विचारले, "बॅटरी संपली का गं?"

"काका, आज मला बोलायला लावू नका. सगळं तुम्ही बोला."

पहिली उड्डाणे सुरळीत झाली. मग भूमिका बदलल्या. ती उडवू लागली आणि हे दुसऱ्याच्या जागी आले. बाहेर ढग खाली होते आणि वारा आडवा. विमान उचलले, चाके आत गेली, आणि एक नंबरचे इंजिन पडले.

अशा वेळी विमानाचे नाक मेलेल्या इंजिनाच्या बाजूला, इथे डावीकडे, वळू पाहते. ते रोखायला उजवा पाय पेडलवर जोराने दाबून धरावा लागतो. रेडिओने तो दाबून धरला होता आणि विमान सरळ होते. सुरक्षित उंची आल्यावर तिने नियमाप्रमाणे कृती सुरू करायला सांगितले. याच वेळी टॉवरचा आवाज कानात शिरला: कुठे जाताय, काय झालंय. हा आवाजही मागे बसलेल्या परीक्षकांचाच असतो. यांनी टॉवरला थांबायला सांगितले, हात स्विचवर ठेवला आणि म्हणाले:

"इंजिन एक नंबर. कन्फर्म?"

उत्तर आले नाही. ती विमानाशी झुंजत होती. हे थांबले. पुन्हा विचारले, "एक नंबर. कन्फर्म?"

तिने चटकन खाली पाहिले. "नाही! दोन नंबर. दोन नंबर गेलंय, काका!"

इथपर्यंतच्या सगळ्या सरावात 'नाही' हे उत्तर एकदाही आले नव्हते. त्यांना खात्री होती. हात योग्य स्विचवर होता, बोटांनी तो पकडलाही होता. त्यांनी हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"मला एक नंबर वाटतंय," ते म्हणाले. "पण परत बघू. मी वाचतो, तू नजर टाक. एक नंबरचे फेरे, खाली. तापमान, उतरतंय. दोन नंबरचे फेरे, भरपूर. तापमान, चढं."

तिची नजर काट्यांवरून फिरली.

"एक नंबर," ती म्हणाली. "हो, एक नंबर. सॉरी. माझा उजवा पाय..."

"पाय मागाहून. विमान सांभाळ. एक नंबर. कन्फर्म?"

"कन्फर्म."

स्विच खाली आला.

तिच्या चुकीचा उगम असा होता: उजव्या पायावर सगळे बळ एकवटले होते, आणि मनाने उजव्या पायाचा भार उजव्या इंजिनाच्या खात्यावर टाकला. ही चूक विमान उडवणाऱ्याशिवाय कोणाला सुचणार नाही. पाय बरोबर काम करतो आणि त्याच पायामुळे तोंड चुकीचे इंजिन सांगते. प्रशिक्षकांच्या मते ही चूक तितकीशी दुर्मीळ नाही. त्यांच्या अंदाजाला आधार किती, हे तपासायला मला साधन नव्हते.

परीक्षा संपल्यावर तिघे एका लहान खोलीत बसले. टेबलावर विमानाचे छोटे लाकडी प्रतिरूप, तीन कप चहा. रेडिओने बसण्याआधीच सांगितले, "सर, काकांना पास करा. चुकले मी आहे."

"बसा आधी," परीक्षक म्हणाले. "चूक कुठपर्यंत पोचली?"

"म्हणजे?"

"स्विचपर्यंत पोचली का?"

"नाही."

"मग तिच्यासाठी मी कोणाला नापास करू? तुमच्या चुकीला तुमच्या शेजारच्या खुर्चीनं अडवलं. त्यासाठीच तर दोन खुर्च्या आहेत. मात्र यापुढे इंजिन पायाला विचारू नका. काट्यांना विचारा." मग ते यांच्याकडे वळले. "हात ठेवूनही काटे वाचता आले असते. काढलात का?"

"हात तिथेच ठेवला असता, तर ती काहीही म्हणाली तरी मी तेच करणार, असं झालं असतं."

"खात्री होती ना तुम्हाला?"

"होती. ती 'नाही' म्हणाली, तेव्हा थोडी कमी झाली."

"तेवढी कमी व्हायलाच हवी होती," परीक्षक म्हणाले, असे गृहस्थ सांगतात. परीक्षकांना आपण असे काही म्हटल्याचे आठवत नाही. वर्षाकाठी अशा बऱ्याच परीक्षा ते घेतात, त्यामुळे त्यांचे विस्मरण हा या वाक्याविरुद्धचा पुरावा मानता येणार नाही. दोघेही पास झाले, याची खात्री मात्र करून घेता आली.

त्याच दुपारी कारकून बाईंच्या टेबलापुढे पास झालेल्यांची रांग लागली. कोणत्या शहरातून उडायचे, हे त्या दिवशी ठरवायचे होते. एका तुकडीतले सगळे एकाच दिवशी रुजू होतात, म्हणून ज्येष्ठता वयावर धरतात, हे गृहस्थांना रांगेतच कळले. पहिली निवड त्यांची होती.

"बोला फवारे," बाई म्हणाल्या. "दोन जागा आहेत. मोठं शहर, नाहीतर धाकटं."

मोठ्या शहरात लांबची उड्डाणे होती आणि कॅप्टन होण्याची वाट जवळची होती. धाकट्या शहरात रोजची जा-ये आणि रात्री घर. त्यांचे मन क्षणात ठरले होते, हे ते लपवत नाहीत. तरी ते म्हणाले, "एक फोन करू का?"

"आता फोन? पहिल्या नंबरच्या माणसाला?"

"मी म्हणेन ते एकट्याचं होईल, बाई."

मागून रेडिओचा आवाज आला, "काका, मागे आम्ही हवेत गिरक्या घालतोय. लवकर उतरा!"

त्यांनी भिंतीशी उभे राहून फोन लावला. निकाल सांगितला. मग दोन्ही शहरे सांगितली, आपल्याला मोठे का वाटते तेही सांगितले आणि विचारले, "तुला काय वाटतं?"

पलीकडे पत्नी दवाखान्यात होत्या. दवाखान्यात कोणाला तरी "हे स्पष्ट, की आधीचं?" विचारले जात असल्याचे त्यांना ऐकू आले. ते फोन कानाला लावून थांबले. रांग पुढे ढकलू पाहत होती, बाई पेन टेबलावर आपटत होत्या.

"धाकटं," पत्नी म्हणाल्या. "तिथल्या डोळ्यांच्या रुग्णालयात जागा आहे. मी चौकशी करून ठेवली होती."

"कधी?"

"वर्षभर नाही, काळजी करू नकोस. मागच्या आठवड्यात."

"पण मोठ्या शहरात लवकर कॅप्टन..."

"ऐकलं ते. मला तरी धाकटं बरं वाटतंय. तुला अगदीच नको असेल, तर आत्ता सांग."

ते थोडे थांबले. मग टेबलाकडे वळून म्हणाले, "धाकटं."

बाईंनी लिहून घेतले आणि पुढच्याला हाक मारली.

आता ते धाकट्या शहरातून उडतात. कॅप्टन व्हायला वेळ लागेल. मोठे शहरच बरे पडले असते, असे त्यांचे मत आजही कायम आहे, आणि माझ्याशी बोलताना त्यांनी ते पत्नीसमोरच मांडले. पत्नी शेजारी बसून कोणाच्या तरी चष्म्याची काडी घट्ट करत होत्या.

"महिन्यातून दोनदा म्हणतो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "निदान तोंडानं म्हणतो."